उजव्या कडेची खाच

थोरलीच्या हातून चूक होत नाही, ही गोष्ट परीक्षा मंडळाच्या इमारतीत इतकी पक्की झाली होती की भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देणारा शिपाईसुद्धा आधी तिला वेळ विचारायचा. तीही मनगटाकडे न बघता सांगायची. दोन मिनिटं इकडेतिकडे असलं तर घड्याळ चुकलं असं सगळे धरून चालत.

थोरली म्हणजे घरातली थोरली जाऊ. धाकटी जाऊही त्याच हॉलात, तिच्या शेजारच्याच मशीनवर. दोघींची खरी नावं पगारपत्रकात तेवढी उरली होती. बाकी साहेबापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना थोरल्या आणि धाकट्या म्हणत. धाकटीला नोकरी थोरलीनेच लावून दिली होती, आणि ही गोष्ट धाकटीला विसरता येऊ नये याची काळजी थोरली आठवड्यातून एकदा तरी घेत असे.

हॉल तिसऱ्या मजल्यावर होता. बावीस बायका, दोन रांगा, आणि असा खडखडाट की घरी गेल्यावरही बायका नवऱ्याशी ओरडून बोलत. मुख्य यंत्र, म्हणजे ज्याला वर्तमानपत्रं बुद्धिमान वगैरे म्हणत, ते तळमजल्यावर काचेच्या खोलीत थंडगार हवेत बसलेलं असे. तिथे या बायकांना जायला बंदी. यंत्राला धूळ चालत नाही, असं सांगत. साहेबांचे मित्र, पाहुणे, पत्रकार बूट घालून आत जात, त्यांची धूळ बहुधा वरच्या दर्जाची असावी. पण त्या बुद्धिमान यंत्राच्या तोंडात जो घास जायचा तो सगळा या बावीस बायकांच्या हातचा होता. हे कोणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

घास म्हणजे कार्डं. पोस्टकार्डापेक्षा थोडं लांब, जाड कागदाचं कार्ड. एका विद्यार्थ्याचं एका विषयाचं एक कार्ड. त्यावर परीक्षा क्रमांकाची भोकं आधीच पाडलेली असत. परीक्षकांकडून हाताने लिहिलेल्या मार्कांच्या याद्या येत, एका यादीत पंचवीस ओळी, तिच्यासोबत पंचवीस कार्डांचा गठ्ठा. धाकटी यादी बघून कळा दाबायची, तिचं मशीन कार्डावर मार्कांची भोकं पाडायचं, आणि वरच्या कडेला तेच आकडे बारीक शाईत छापायचं. मग तो गठ्ठा यादीसकट थोरलीकडे यायचा.

थोरलीचं काम तपासणीचं. तिच्या मशीनला भोकं पाडता येत नसत. तिने तीच यादी बघून तेच मार्क पुन्हा टाइप करायचे. धाकटीच्या भोकांशी जुळले तर कार्ड पुढे सरकायचं. नाही जुळले तर मशीन अडून बसायचं आणि लाल दिवा लागायचा. सगळं जुळलं की मशीन कार्डाच्या उजव्या कडेला एक अर्धगोल खाच पाडायचं. खाच असलेलं कार्ड म्हणजे दोन माणसांनी, दोन वेळा, मूळ कागदावरून वाचलेलं कार्ड. तळमजल्यावर खाच नसलेलं एक कार्डही घेत नसत. शेवटी गठ्ठ्याच्या पाठीवर प्रत्येक जोडी आपल्या रंगाच्या पेन्सिलीने एक तिरपी रेघ ओढायची. या दोघींची जांभळी.

आता खरी गोष्ट. हॉलात एक फळा होता आणि त्यावर रोज संध्याकाळी कोणाच्या किती चुका लाल दिव्याखाली सापडल्या ते लिहिलं जायचं. चूक सापडली की कार्ड नवीन, वेळ दुप्पट, आणि फळ्यावर भोकं पाडणारीचं, म्हणजे पंचवालीचं, नाव. शिवाय दिवसाचा कोटा होताच. महिन्याच्या शेवटी कोटा मानगुटीवर बसला की तपासणीवाल्या बायका यादी बाजूला ठेवत आणि कार्डाच्या वरच्या कडेला छापलेले आकडे बघूनच टाइप करत. याला हॉलात 'वरचं वाचणं' म्हणत. कार्डावरचं कार्डाशीच जुळवायचं, मग अडतंय कशाला? हात पाण्यासारखा चालायचा, दिवा लागायचा नाही, फळा कोरा राहायचा. हॉलाच्या मुख्य बाईंना हे ठाऊक होतं. त्या अशा वेळी खिडकीबाहेर बघत उभ्या राहत.

थोरली सुरुवातीला वरचं वाचत नसे. तिला राग यायचा. पण धाकटी जरा धांदरट, फळ्यावर तिचं नाव आठवड्यातून तीनदा, आणि नाव धाकटीचं असलं तरी शेवटी घराण्याचं. बायका कुजबुजत. नाकावर माशी बसू न देणाऱ्या माणसाला कुजबुज फार लागते. तिसऱ्या वर्षी थोरलीही वरचं वाचायला लागली. फक्त शेवटच्या दिवसांत, फक्त धाकटीची कार्डं. ते तिने स्वतःला असं समजावलं होतं की धाकटीच्या चुका आपल्याला आवाजावरूनच कळतात.

ज्या वर्षी दहा वर्षं शिकलेल्या मुलांचा मोठा निकाल पहिल्यांदाच पूर्णपणे यंत्रावर लागणार होता, त्याच वर्षी थोरलीची लेक त्या परीक्षेला बसली. एकुलती एक लेक. गणितात अशी की शेजारच्या घरातली मोठी मुलं तिच्याकडे अडलेलं उदाहरण घेऊन येत आणि वर हिच्यावर उपकार केल्यासारखी चहा पिऊन जात. तिला इंजिनियर व्हायचं होतं. इंजिनियरिंगच्या कॉलेजात तिच्यासारख्या बेताच्या घरच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीच्या चार जागा, त्या त्याच वर्षीच्या निकालावर, आणि गणिताच्या मार्कांवर. गणिताच्या पेपरच्या दिवशी थोरलीने रजा टाकली, लेकीला स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं, आणि ती आत जाईपर्यंत उभी राहिली. फाटकातून वळून लेक म्हणाली होती, "आई, जा आता, मी काय हरवणार आहे का?"

पुढे दीड महिन्याने, कार्डं संपवायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला धाकटीने एक गठ्ठा थोरलीकडे सरकवला आणि हसत म्हणाली, "ताई, एक कार्ड उरलं होतं शेवटी. कोणीतरी दांडी मारलेली दिसतेय. लावून टाकलं गैरहजर."

"बरं केलंस. आण इकडे."

थोरली वरचं वाचत होती. सव्वीस गठ्ठे राहिले होते. पंचवीस कार्डं तिच्या हाताखालून दीड मिनिटात गेली, शेवटचं गैरहजर असलेलंही, आणि प्रत्येकाला खाच पडली. परीक्षा क्रमांक तिला टाइप करावाच लागत नसे, तो भाग मशीन आपोआप ओलांडायचं. लेकीचा क्रमांक तिला झोपेतून उठवलं तरी म्हणता आला असता. तो तिच्या नाकासमोरून गेला.

निकालाचा कागद लेकीनेच घरी आणला. नवरा नुकताच कामावरून आला होता, दीर खुर्चीत पेपर वाचत होता, धाकटी मुलांना दूध देत होती. लेक दारातच उभी राहिली. सगळ्या विषयांत मार्क उत्तम, आणि गणितासमोर एकच शब्द: गैरहजर.

"म्हणजे?" नवरा म्हणाला.

"मी बसले होते, बाबा. दोन पुरवण्या लावल्या होत्या."

"मग हे काय छापलंय? यंत्राचं तुझ्याशी काही वैर आहे का?" नवरा छापखान्यात होता. छापलेल्या गोष्टीवर त्याचा फार विश्वास. "कुठे गेली होतीस त्या दिवशी? कोणाबरोबर?"

लेकीने आईकडे पाहिलं. फाटकापर्यंत आई होती. आईने एक वाक्य म्हणायचं होतं, एवढंच.

थोरलीच्या कानात त्या क्षणी धाकटीचं 'एक कार्ड उरलं होतं शेवटी' वाजत होतं. तिला तिथेच, दाराशी, सगळं कळलं होतं. यादीत वर कुठेतरी खऱ्या गैरहजर मुलासमोर परीक्षकाने पुसट रेघ मारली असणार, धाकटीने ती ओळ ओलांडली असणार, तिथून खाली प्रत्येकाला पुढच्याचे मार्क गेले असणार, आणि शेवटी एक कार्ड उरलं असणार. यादी समोर ठेवून तपासलं असतं तर पहिल्याच चुकलेल्या कार्डाला लाल दिवा लागला असता. आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते असं:

"गेली होतीस ना गं तू आत? फाटकातून परत नाही ना फिरलीस?"

लेकीने निकालाचा कागद टेबलावर ठेवला, त्यावर पाण्याचा पेला ठेवला, तो उडू नये म्हणून, आणि आत गेली. बाप पुढे दोन महिने तिच्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी थोरलीने कार्डांच्या कपाटातून तो गठ्ठा शोधून काढला. पाठीवर जांभळी रेघ. शेवटचं कार्ड लेकीचं, उजव्या कडेला स्वच्छ खाच. त्याच्या अलीकडचं कार्ड लेकीच्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचं, जिला बेरजेतही हातचे विसरायची सवय होती. तिला गणितात चौऱ्याण्णव. आदल्या संध्याकाळी ती मैत्रीण स्वतःच चक्रावून घरी सांगायला आली होती.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर थोरलीने धाकटीला सांगितलं. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. मग ती रडायला लागली. "ताई, माझ्यामुळे पोरीचं... पण तुम्ही साहेबांना सांगितलंत तर मला उद्या काढतील हो. यांचा कारखाना बंद. दोन पोरं माझी." आणि जरा वेळाने, नाक पुसून, "नाही, तुम्ही सांगाच. माझं नाव सांगा."

थोरली मशीनविभागाच्या साहेबाकडे गेली. हा मनुष्य वाईट नव्हता, हे सांगायला हवं. इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणं, बायकांना 'बाई, तुम्ही' म्हणणारा. आदल्याच दिवशी त्याचा फोटो छापून आला होता, खाली 'एकही चूक नसलेला पहिला निकाल'. त्याने कार्ड हातात घेतलं आणि उजव्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही खाच तुमचीच ना?"

"हो."

"म्हणजे यादीशी ताडून पाहिलं होतं."

थोरलीने हातातला गठ्ठा ठोकून सरळ केला.

"पाहिलं होतं की नव्हतं, बाई? पाहिलं असेल तर मुलगी गैरहजर होती. विषय संपला. नसेल पाहिलं, तर मला दुसरा प्रश्न विचारावा लागेल. तुम्ही एकट्याच असं करता, की सगळ्या?"

"सगळ्याच," थोरली म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज हॉलाबाहेर बारीक झाला. "शेवटच्या दिवसांत."

साहेबाने उठून दार लावलं. बराच वेळ तो रुमालाने चष्मा पुसत राहिला. "या गठ्ठ्यात किती जणांचे मार्क हलतील कोण जाणे. जो आलाच नव्हता तो पास होऊन बसलाय. बरं, हा एक गठ्ठा. बाकीचे किती उघडायचे? चाळीस हजार मुलं आहेत." मग तो जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाला, "मुलगी हुशार आहे म्हणता ना? सहा महिन्यांनी पुन्हा बसू दे. मुलीची परीक्षा पुन्हा घेता येते, बाई. या निकालाची नाही घेता येत. तुम्ही मला हे सांगितलं नाहीत, मी ऐकलं नाही. तुमच्या दोघींच्या नोकऱ्या आहेत तशा राहतील."

थोरली हो म्हणाली नाही. ती फक्त उठली, कार्ड गठ्ठ्यात परत ठेवलं आणि मशीनवर जाऊन बसली. यालाच हो म्हणतात.

लेकीने फेरतपासणीचा अर्ज केला होता. तीन आठवड्यांनी छापील उत्तर आलं: तपासणी केली, बदल नाही. तपासणी म्हणजे काय, तर तळमजल्यावर तीच कार्डं यंत्राला पुन्हा भरवली. यंत्राने पुन्हा तेच सांगितलं. बिचारं प्रामाणिक यंत्र, त्याला काय ठाऊक. थोरली घरी म्हणाली, "मी साहेबांशी बोलले. काही करता येत नाही म्हणाले." त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

लेकीला तरी सांगायचं होतं. एकटीला, आतल्या खोलीत, दार लावून. थोरली रोज ठरवायची. पण सांगायचं म्हणजे सुरुवात 'माझ्या हातून' अशी करावी लागणार होती, आणि ते दोन शब्द तिच्या तोंडाला येत नव्हते. त्यापेक्षा मनातल्या मनात 'धाकटीच्या हातून' म्हणणं सोपं होतं. भोकं तिने पाडली, मी नाही. हळूहळू थोरलीला ते पटलं. ती धाकटीशी तुटक वागू लागली, मग बोलेनाशी झाली. वर्षभरात दोन्ही भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, आणि हॉलात जोडी बदलून मागितली तीही थोरलीनेच.

लेक सहा महिन्यांनी पुन्हा बसली. गणितात सत्त्याण्णव. पण शिष्यवृत्तीच्या चार जागा केव्हाच भरल्या होत्या. त्यातली एक पुढच्या बाकावरच्या मैत्रिणीला मिळाली, ती दीड वर्षात कॉलेज सोडून घरी आली. लेकीने मिळेल ते शिक्षण घेतलं आणि औषधांच्या एका गोदामात कारकून म्हणून लागली. तिथे तिची फार वाहवा. दहादा मोजेल पण एक खोका चुकू देणार नाही, असं म्हणत. आईवर गेलीय, असंही.

तिला एक सवय लागली होती. निकालाच्या त्या संध्याकाळनंतर ती कुठूनही घरी आली की बसचं तिकीट टेबलावर ठेवायची. नाटकाला गेली तर तिकिटाचा फाटका तुकडा, डॉक्टरकडे गेली तर चिठ्ठी. कोणी विचारलेलं नसायचं. बापाने एकदा चिडून सगळी तिकिटं उचलून फेकली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथे होती. थोरली जेवायला बसण्याआधी ती गोळा करून डब्यात टाकायची. तिचं धैर्य तेवढंच होतं. नोकरी पक्की झाल्यावर लेक वेगळ्या खोलीत राहायला गेली.

एकोणीस वर्षांनी हॉल बंद झाला. आता बायका पडद्यासमोर बसून थेट आकडे भरणार होत्या, कार्ड नाही, खाच नाही. मशीनं भंगारात काढली. थोरलीच्या निवृत्तीला चार महिने उरले होते, तिला तळघरातल्या जुन्या याद्यांची रद्दी बांधायच्या कामावर देखरेखीला बसवलं. त्या याद्या नियमाने पाच वर्षांतच जायला हव्या होत्या, पण रद्दी काढायलाही कोणाची तरी सही लागते. तिने नऊ दिवस शोधलं. दहाव्या दिवशी ती यादी सापडली. आठव्या ओळीत मार्कांच्या जागी पेन्सिलीची केसाएवढी पुसट रेघ. पंचविसाव्या ओळीत लेकीचा क्रमांक, आणि समोर परीक्षकाच्या ठसठशीत अक्षरात चौऱ्याण्णव. थोरलीने इमारतीतून पहिल्यांदाच एक कागद चोरला.

रविवारी दुपारी ती लेकीच्या खोलीवर गेली. लेकीचे केस कानापाशी पांढरे व्हायला लागले होते. तिने चहा टाकला. थोरलीने यादी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. पुसट रेघ, उरलेलं कार्ड, वरचं वाचणं, साहेब, बंद दार. एकोणीस वर्षं घोटून ठेवलेलं होतं, त्यामुळे कुठे अडखळली नाही. मात्र सांगताना तिने सुरुवात धाकटीपासूनच केली.

लेकीने यादी पाहिली. चौऱ्याण्णववर बोट ठेवलं, जरा वेळ तसंच ठेवलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सगळंच. काकू त्याच वर्षी आली होती माझ्याकडे, मी दुसऱ्यांदा परीक्षेला बसायच्या आदल्या आठवड्यात. रडून रडून तिचा जीव जायची पाळी. म्हणाली, चूक माझी आहे, तू माझ्या तोंडावर थुंक. आणि म्हणाली, आईला काही बोलू नकोस, ती स्वतःच सांगेल तुला."

चहा उकळून वर आला. लेकीने उठून गॅस बारीक केला आणि तिथेच उभी राहिली.

"मी वाट बघत होते, आई. पहिली काही वर्षं रोज बघायची. मग दर रविवारी. मग सोडलं." तिचा आवाज चढलेला नव्हता, हेच थोरलीला सहन होईना. "मार्कांचं जाऊ दे. चुका होतात, माझ्याही गोदामात होतात. मला एकच विचारायचं होतं, ते काकूला माहीत नव्हतं. निकाल घेऊन मी दारात उभी होते. तू सगळ्यांसमोर विचारलंस, फाटकातून परत नाही ना फिरलीस. तेव्हा तुला माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. दुसऱ्या दिवशी कपाट उघडल्यावर कळलं, असं म्हणता आलं असतं. ते तपासायला जगात कुठलाही कागद नव्हता. लेकही बहुधा तेच उत्तर धरून बसली होती, कारण तिने पुढे केलेला कप हातातच राहिला होता.

"हो," थोरली म्हणाली. "माहीत होतं."

लेकीने मान हलवली. कप आईसमोर ठेवला, यादीची घडी घातली आणि ती आईच्या पिशवीत परत ठेवली. मग, थोरलीचा चहा संपेपर्यंत, ती खिडकीपाशी जाऊन वाळत घातलेले कपडे काढत राहिली. निघताना थोरलीने पर्स उघडली आणि, लेक ठेवायची तसं, येतानाच्या बसचं तिकीट टेबलावर ठेवलं. लेकीने ते पाहिलं, पण उचललं नाही.